बाथरूममधली दांडी

"खांदा धर. खांदा म्हटलं, गळा नव्हे."

"लग्नात गळाच धरला होता, तेव्हा काही बोलली नाहीस," आल्बी म्हणाला आणि लॉर्नावर भार टाकून त्याने बाथरूमच्या पायरीवरून एक पाय आत घेतला. दुसरा पाय अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचं ऐकत नव्हता.

बाहेर फाटकापाशी माणसं जमली होती. हे घर भाड्याने हवं असलेली. एजन्सीची टालिया, नातीच्या वयाची, मघाशी दारातूनच म्हणाली होती, "लॉर्ना, जरा बाहेर फिरून येता का? लोकांना रिकामं घर बघायला बरं वाटतं."

"रिकामंच करतोय गं बाळा. पण ह्याला आत्ताच जायचंय. तेवढं उरकू दे."

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जेराल्डटनच्या खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं लॉर्नाने हे घर जपलं होतं. भिंतीला खिळा मारायचा नाही, ओव्हन बिघडला तर तव्यावर भागवायचं. हॉस्पिटलच्या धुलाईघरात जन्म काढलेल्या बाईला भाडेकरूचा धर्म शिकवावा लागत नाही. मागणारा डोळ्यांत खुपतो, न मागणारा टिकतो. तिने एकदाच काय ते मागितलं: आल्बीला धरायला बाथरूममध्ये एक दांडी. टाइल्सना चार भोकं पडतील, खर्च आमचा, असंही लिहिलं.

मालकाने नाही म्हटलंच नाही. दांडीबद्दल चकार शब्द न काढता त्याने घर सोडायची नोटीस धाडली.

भाडेकरूंना सल्ला देणाऱ्या ऑफिसातली बाई फोनवर भली वाटली. "मागायचा हक्क आहे तुम्हाला," ती म्हणाली.

"आणि मालकाला?"

"कारण न देता काढायचा. कायदा बदला म्हणून ओरडून आमचा घसा बसला हो."

"मग चहा घ्या गरम," लॉर्ना म्हणाली. त्या बिचारीचा तरी काय दोष?

दुसरं घर अजून मिळालं नव्हतं. जिथे बघायला जावं तिथे अशीच रांग, आणि रांगेत एजंटला सगळ्यांच्या आधी आल्बीची कुबडी दिसायची.

आल्बीचं उरकलं. लॉर्ना वाकली, त्याने दोन्ही हात तिच्या खांद्यांवर टाकले. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"कुणी आहे का आत?" एका तरुण बाईचा आवाज.

"आहोत की!" आल्बी ओरडला. "महिनाअखेरपर्यंत आहोत!"

बाहेर कुणीतरी ओशाळवाणं हसलं.

"बाथरूम नंतर दाखवते," टालिया घाईघाईने म्हणाली. "अगदी छान ठेवलंय. टाइल्स जुन्या आहेत, पण एकही भोक नाही."

आल्बीची पकड सुटू लागली. लॉर्नाने पाय फाकवून रोवले आणि एक तळवा भिंतीला टेकला. गार टाइलवर तिथेच तिने दांडीसाठी पेन्सिलने खूण केली होती. नोटीस आल्यावर ओल्या फडक्याने पुसूनही टाकली होती.

"धर," ती म्हणाली. "नीट धर. मी हलत नाही."