खुंट्यांवरची जाकिटं

"तिथे माणसं मोजत नाहीत, जाकिटं मोजतात," असं माझी नणंद आम्ही निघायच्या आधी म्हणाली होती. मी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. माझ्या नणंदेला स्वर्गात नेलं तरी ती उशीच्या अभ्र्यावर डाग शोधेल. शिवाय ती आदल्या वर्षी तिथे राहून आली होती आणि आता आम्ही निघालो होतो, तेव्हा काहीतरी खोट काढणं तिला भागच होतं.

जागा म्हणजे जगाच्या टोकाला उभा असलेला एक दगडी बंगला. खाली काळे कडे, पुढे समुद्र, आणि मोबाइलला रेंज नाही याचीसुद्धा जाहिरात. तिथे पाहुण्यांना स्वस्थ बसू देत नाहीत. सकाळी कड्यावरून चालायचं, दुपारी ओहोटीला गुहा बघायची, संध्याकाळी बर्फासारख्या पाण्यात डुबकी मारून, दात वाजत असताना "किती जिवंत वाटतंय" म्हणायचं. घरी लिफ्ट बंद पडली तर सोसायटीच्या सेक्रेटरीला झोपू न देणारी माणसं इथे गुडघे फोडून घेत होती आणि वर आभार मानत होती.

या सगळ्याचा कर्ताधर्ता म्हणजे कप्तान. त्याने कधी जहाज चालवल्याचं ऐकिवात नाही. गळ्यात शिट्टी आणि रापलेली दाढी, एवढ्या भांडवलावर ही पदवी.

"वहिनी, येताय ना गुहेत?"

"मुलीला खोकला आहे."

"समुद्राची हवा लागली की पळतो खोकला."

"आल्यापासून तीच तर लागतेय तिला."

"फार काळजी करतात," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. नवराही हसला. एका बाईच्या काळजीवर हसता आलं की दोन पुरुषांची लगेच मैत्री होते.

कप्तानाची पद्धत अशी. दाराजवळच्या खोलीत भिंतीवर खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीवर एक केशरी जाकीट. जाताना ज्याने त्याने घालायचं, आल्यावर अडकवायचं. सगळ्या खुंट्या भरल्या की शिट्टी, म्हणजे सगळे परत. "आजवर एक जाकीट हरवलं नाही," हे तो छाती फुगवून सांगे.

कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत होत्या, एकट्याच. सगळे त्यांना बाई म्हणत. माझी चिमणी मात्र पहिल्याच दिवशी आजी म्हणून मोकळी झाली. त्या दुपारी गुहेला निघताना बाईंनी तिला विचारलं, "तुला काय आणू?"

"भोकाचा शंख. दोऱ्यात ओवायला."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर अजून शोधायचा."

"माझ्याहून कडक आहेस गं."

भरती सुरू होता होता मंडळी परतली. आपापले फोटो एकमेकांना दाखवत जाकिटं अडकवली, चहावर तुटून पडली. शिट्टी वाजली. मी दाराशी चिमणीचे ओले मोजे वाळत घालत होते, म्हणून बुटांची रांग माझ्या डोळ्यांसमोर होती. तीत बाईंचे करडे बूट नव्हते.

"बाई कुठायत?"

"खोलीत असतील," कप्तान म्हणाला. "खुंट्या बघा, भरल्यात."

"बूट नाहीत त्यांचे."

"बूट घालूनच गेल्या असतील आत."

माझ्या मुलीला पायरीवर बूट काढायला लावणारी बाई वाळू घेऊन गालिच्यावर जाईल? मी जाऊन दार वाजवलं, मग ढकललं. चादर कडक ओढलेली, उशाशी चष्म्याचं घर. बाई नव्हत्या.

परत आले तेव्हा नवऱ्याचा कप तोंडाशीच थांबला होता.

"त्यांचं जाकीट मी अडकवलं," तो म्हणाला.

"तू?"

"चढावर म्हणाल्या, उकडतंय, धर जरा. मग पुन्हा खाली वळल्या, काहीतरी शोधायचं राहिलं म्हणून. मला वाटलं, येतील मागोमाग."

"पण खुंट्या तर..." कप्तान भिंतीकडे बघत म्हणाला.

"तुम्ही भिंतीशी बोला. दोर कुठे आहे तेवढं सांगा."

मग मात्र तो धावला. नवराही धावला. मी चिमणीला कडेवर घेऊन कड्याच्या काठापासून लांब उभी राहिले. पाहुणे बाहेर आले. एका गृहस्थांनी कॅमेरा काढला. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने खिशात गेला.

बाई गुहेच्या तोंडाशी एका कपारीला धरून उभ्या होत्या. पाणी कमरेच्या वर आलं होतं, अंगावर जाकीट नव्हतं. दोराने ओढून काढलं तेव्हा ओठ निळे आणि हाका मारून मारून आवाज गेलेला. चुलीजवळ घोंगडीत गुंडाळल्यावर त्यांनी मूठ उघडली. आत भोकाचा शंख होता. चिमणीने तो उलटसुलट करून पाहिला आणि पास केला.

दुसऱ्या दिवशी खुंट्यांवर पाटी लागली: प्रत्येकाने आपले जाकीट आपणच अडकवावे. संपला विषय. "चूक बाईंचीच होती म्हणा," असं कॅमेरेवाले गृहस्थ म्हणाले आणि दुपारी जाकीट चढवून गुहेकडे निघाले. पाठोपाठ कप्तान शिट्टी फुंकत.

निघताना मी बाईंना म्हटलं, "आमच्याबरोबर चला. घरी सोडतो."

"घरी जाऊन 'मी आले' असं सांगू कुणाला?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "हंगाम संपेपर्यंत इथेच आहे. बरं वाटलं की पुन्हा गुहेत जाईन. त्या कपारीला घाबरले तर मग कुठेच जाता यायचं नाही."

माझा नवरा खाली मान घालून गाडीत सामान भरत राहिला. त्याने हसणं तेवढं सोडलं आहे.

परवा बंगल्याच्या लँडलाइनवर फोन केला. कप्तानाने उचलला.

"बाई कशा आहेत?"

"सगळं उत्तम, वहिनी. खुंट्या भरलेल्या आहेत."

या हंगामात तुम्ही तिकडे जाणार असाल तर खुशाल गुडघे फोडून घ्या, डुबक्या मारा. फक्त शिट्टी वाजल्यावर चहाकडे जाण्याआधी दाराशी करडे बूट आहेत का, ते बघा. असले तरी कोपऱ्यातल्या खोलीचं दार वाजवा, आणि आतून घोगरा आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.