उंद्रीच्या मातीचे मुक्काम

मी माती आहे. चिखलीजवळच्या उंद्रीची, काळी. उन्हाळ्यात मला भेगा पडतात त्या उन्हानं, असं सगळे म्हणतात. म्हणू द्या. खरं कारण असं, की मला बाहेर डोकवायचं असतं. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या ट्रॅक्टरमध्ये काय भरलंय, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. एवढा चौकस स्वभाव आणि जन्मभर एका जागी पडून राहायचं! मी मनातल्या मनात फार चरफडत असे.

माझी सुटका केली समतानं. लहानपणी ती माझे बैल करायची. पुढे शहरात जाऊन शिल्पकला शिकली, माती भाजून शिल्पं करू लागली. एका उन्हाळ्यात ती घरी आली, बांधावर बसली, खुरप्यानं मला उकरलं आणि पिशवीत भरलं.

"आई, मी रेसिडेन्सीले चालली," तिनं घरी येऊन सांगितलं.

तिची आई शालूबाई भाजी निवडत होती. "म्हंजे? नोकरी लागली का?"

"नाही ना. कलाकारायले राहाले बोलावतात. खोली देतात, जेवन देतात, भट्टी देतात."

"अन् काम काय सांगतात?"

"काहीच नाही. आपल्याले वाटन ते करायचं."

शालूबाईचा हात थांबला. "असं फुकट कोन खाऊ घालते बाई? नीट चौकशी कर."

चौकशी करायला मीच निघाले होते म्हणा.

पहिला मुक्काम समुद्राकाठी. तिथली माणसं पाहून मी थक्क झाले. सकाळी उठायचं, चहाचा मग घ्यायचा आणि भिंतीकडे पाहत बसायचं. एक जण तर नुसती राख गोळा करत हिंडायचा. मला वाटलं, बिचाऱ्याच्या घरी काही वाईट झालं असावं. पण नाही, तेच त्याचं काम होतं. नवं कोणी भेटलं की "तुमची प्रॅक्टिस काय?" असं विचारायचे. आमच्या गावात हे फक्त डॉक्टर-वकिलाला विचारतात.

सगळे जण कारखान्यातली पांढरी माती वापरायचे. प्लास्टिकच्या पाकिटात बसलेली, आज्ञाधारक, अबोल. समतानं मात्र माझी फरशी थापली आणि त्यांच्याबरोबर भट्टीत ठेवली. ती आग पांढरीला सोसते, मला नाही. मी वितळले. काकवीसारखी वाहत जाऊन भट्टीच्या फळीला चिकटून बसले. तिथल्या व्यवस्थापकबाई समताला म्हणाल्या, "इथं येताना माती आणायची गरज नसते. आमच्याकडे चांगली आहे." समता छिन्नीनं फळी खरवडत बसली. पण उरलेली पिशवी तिनं फेकली नाही. त्या दिवशी ही पोरगी मला फार आवडली.

दुसरा मुक्काम डोंगरात, थंडीत. तिथे समता शहाणी झाली होती. आग कमी ठेवली, मला वाळू मिसळली. मी वाटी झाले, न फुटता भट्टीतून बाहेर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आठवड्यानं टेबलावर बसल्या बसल्या माझ्या अंगातून टिक् असा आवाज झाला. एक टवका उडून पलीकडे पडला.

माझ्या अंगात चुनखडीचे बारीक खडे आहेत. भाजले की त्यांचा कळीचा चुना होतो. मग ते हवेतली ओल पीत राहतात, फुगतात आणि वरची माती उडवून बाहेर येतात. मला स्वतःला याचा पत्ता नव्हता. आपल्या पोटात काय दडलंय ते आपल्यालाच शेवटी कळतं, ही गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते.

यावर उपाय एकच, असं तिथल्या एका अनुभवी बाईनं सांगितलं. भट्टीतून निघाल्यावर भांडं पाण्यात बुडवायचं. चुना आतल्या आत विझतो, मग त्रास देत नाही. समतानं नवी वाटी भाजून बुडवली. पण भाजणी कच्ची राहिली होती. वाटीचा तिच्या हातातच चिखल झाला. भाजलेलं काम पाण्यात घालायची धास्ती तिनं तेव्हापासून घेतली.

तिसरं बोलावणं आलं ते ऐकून मी उडालेच. एका संस्थेनं ठरवलं होतं, की कलाकारांनी या वेळी आपापल्या गावी राहूनच काम करायचं. शेवटी गावाला ते दाखवायचं आणि एक शिल्प संस्थेला द्यायचं.

शेजारचे पुंजाजी पोट धरून हसले. "आपल्याच घरी राहाले आवतन! शालूबाई, पोरगी घरजावई झाली का वं तुमची?"

अशी मी पुन्हा उंद्रीत आले. आणि समतानं ठरवलं, की या वेळी आईचा चेहरा करायचा.

आता शालूबाईबद्दल सांगायला हवं. ती बीबी गावाहून लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हापासून मी तिला पाहते आहे. तिच्या तोंडावर देवीचे वण आहेत, उजव्या गालावर जास्त. लहान असताना तिला देवी आल्या होत्या. शेतात ती एकटी असली की पदर खांद्यावर असतो. माणूस दिसलं की तो उजव्या गालावर येतो. घरात एकही फोटो नाही ज्यात तिचा अख्खा चेहरा आहे. मला नेहमी वाटायचं, कसा असेल तो आधीचा चेहरा? बीबीच्या मातीला माहीत असेल, मला नव्हतं.

समतानं घरातल्याच चाळणीनं मला चाळलं. चाळणी कडेला फाटलेली होती, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. मोठे खडे वर राहिले, ज्वारीएवढे आत आले. मी गप्प राहिले, कारण बोलण्याची सोय मला तेव्हाही नव्हती. मग तिनं मला मळलं, आतून पोकळ ठेवून चेहरा उभा केला आणि गोट्यानं घासून घासून गाल गुळगुळीत केले. एकही वण तिनं केला नाही. आईला दुखवायचं नव्हतं, एवढंच तिच्या मनात होतं.

दुपारी शालूबाई चहा घेऊन आली आणि पाहतच राहिली. कपबशी तिनं खाली ठेवली. माझ्या गालाला बोट लावलं, लगेच काढून घेतलं.

"अशी असती का वं मी?"

समता घाबरली. "आई, तुले नाही आवडलं का?"

"मले कोनी सांगितलंच नाही आंधी कशी दिसत होती ते. आरशात पाह्याच्या आंधीच देवी आल्या." तिनं पदरानं डोळे पुसले आणि हसली. तिला एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती गल्लीभर सांगत सुटली होती, "रविवारी समाजमंदिरात या सारे. माह्या पोरीनं माह्यं तोंड केलं."

कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या रचून अंगणातच मला भाजलं. मी खणखणीत निघाले, तांबूस-काळी. दोन दिवस सगळे खूश होते. शनिवारी सकाळी उजव्या गालावर टिक् झालं. मग कपाळावर. मग नाकाच्या शेंड्याजवळ. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी चुन्याचा पांढरा ठिपका.

समताचं तोंड उतरलं. तिला दोन्हीकडून भीती वाटू लागली. पाण्यात बुडवावं तर वाटीसारखा चिखल होईल. न बुडवावं तर मी टवके उडत उडत भुगा होईन. आणि त्याहून मोठी भीती, आई हे पाहील. तो गुळगुळीत चेहरा पाहायला गल्लीला बोलावून बसलेली आई. समतानं दार लोटलं, पुट्टी कालवली आणि खड्डे बुजवायला बसली. एक बुजवला की दुसरा फुटत होता.

दार ढकलून शालूबाई आत आली. "काय लपवून राह्यली?"

समता बाजूला सरकली. शालूबाई माझ्यासमोर बसली. खाली पडलेला एक टवका तिनं तळहातावर घेतला, माझा गाल पाहिला. मग स्वतःच्या गालावर हात नेला. मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि माझ्याकडे पुन्हा कधी पाहणार नाही.

"तुले बी देवी आल्या का वं?" ती मला म्हणाली.

समता रडायलाच लागली. शालूबाईचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. "माह्या टायमाले कोनी हात लावत नव्हतं मले. ताट दारातून सरकवत. एक माह्यी माय होती, मांडीवर घेऊन लिंबाच्या पाल्याच्या पान्यानं न्हाऊ घालत होती." असं म्हणत तिनं मला उचललं आणि न्हाणीकडे निघाली. तिथे घंगाळ भरलेलं होतं.

"आई, पान्यात नको! इरघळन ते!"

शालूबाई थांबली. मला छातीशी धरून उभी राहिली. समता घंगाळाकडे पाहत होती, माझ्याकडे पाहत होती. पाणीच औषध आहे हे तिला माहीत होतं आणि पाण्यानं काय केलं होतं तेही. मी जिज्ञासू खरी, पण तेव्हा मला भीती वाटली. मग समतानं डोळे पुसले.

"टाक आई. तूच टाक."

मी बुडाले. नाकातोंडातून बुडबुडे निघाले. खड्ड्यांभोवतीचं पाणी दुधाळ झालं. अंगभर आतून सरसर झालं आणि एकेक खडा विझत गेला. शालूबाईचे हात पाण्यात माझ्या गालांखाली होते. तिनं लिंबाचा डहाळा आणून वर टाकला, तो औषधाचा नव्हता, तिच्या आईच्या आठवणीचा होता. या वेळी भाजणी पक्की होती; मला बाहेर काढलं तेव्हा मी शाबूत होते. वण मात्र राहिले.

"बुजवून देऊ का?" समतानं विचारलं.

शालूबाईनं एकेका खड्ड्यावरून बोट फिरवलं. "राहू दे. तो चेहरा पाह्यला न मी एकदा. बस झालं. आता ही मीच म्हनून वळखू येते."

रविवारी समाजमंदिर भरलं. लोक माझ्याकडे पाहत, शालूबाईकडे पाहत, मग स्वतःच्या पायांकडे पाहत. पुंजाजीच शेवटी म्हणाले, "शालूबाई, हुबेहूब! नाकबी तसंच, भांडखोर." सगळे हसले, तीही हसली. संस्थेच्या प्रेरणाताई आल्या होत्या. त्यांनी फोटो काढायला कॅमेरा वर केला, तसा शालूबाईचा हात सवयीनं पदराकडे गेला. माझ्याकडे पाहून तो खाली आला.

जाताना प्रेरणाताईंनी संस्थेसाठी मलाच मागितलं. समता अडखळली. "दुसरं काहीही न्या," ती म्हणाली. शालूबाई मधे पडली. "जाऊ दे तिले. मी आहे न इथं. तिचं अन् माह्यं तोंड एकच हाय."

आज मी खोक्यात आहे. भोवती सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा, अंगाला शालूबाईचं जुनं लुगडं. खोकं बंद करायच्या आधी तिनं तोंडावरचं लुगडं बाजूला केलं आणि हळूच म्हणाली, "जाय, जग पाह्यून ये. अन् कोनापुढं तोंड झाकू नको."

कुठे दिसले मी तुम्हाला, तर नजर चुकवू नका. जवळ या, हात लावा, या चेहऱ्याला काय झालं म्हणून विचारा. मला चौकस माणसं आवडतात. मी सगळं सांगेन.

चिखलीची गाडी आली. खोक्याच्या कोपऱ्याला एक फट राहिली आहे. सवयीप्रमाणे मी डोकावते आहे. स्टॅंडवर बरीच माणसं आहेत, त्यांच्या मधोमध शालूबाई उभी आहे. पदर खांद्यावर आहे.