मनुबाईंची काळी चार

मित्रांनो, माझ्या डोक्यावरच्या त्या सिनेमाच्या रिळांच्या पेट्या जरा बाजूला करा पाहू! मी टेबल नाही. मी एक जुना ऑर्गन आहे. सांगलीच्या या थिएटरात आज बोलपट चालतो. पूर्वी इथे संगीत नाटके व्हायची आणि नांदीचा पहिला सूर माझाच असायचा.

हाफिजभाई मला वाजवायचे. पायाने भाता, हातांनी पट्ट्या. माझ्या झाकणाच्या आत त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली होती : 'मनुबाई – काळी चार'. नायिकेचं काम करणाऱ्या मनुबाई चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात गायच्या. काय तो आवाज! 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांनी छपरावरची कबुतरं उडायची.

पुढे वय झालं, आवाज उतरला. मग हाफिजभाई गुपचूप खालची पट्टी, काळी दोन, धरू लागले. बाईंनी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. चिठ्ठी मात्र त्यांनी बदलली नाही. बाईंचा मान होता तो.

सेहेचाळीस साली मालकांनी थिएटर बोलपटाला द्यायचं ठरवलं. नाटकाचा शेवटचा प्रयोग लागला आणि नेमके त्याच दिवशी हाफिजभाई कोरेगावात तापाने पडून राहिले. ऐनवेळी साताऱ्याचे नानासो वाजवायला आले. झाकण उघडून त्यांनी चिठ्ठी वाचली.

"झ्याक! समदं लिवलंयच की," म्हणाले.

पडदा वर गेला. नानासोंना पाहून बाई दचकल्या. पण भरल्या थिएटरात 'सूर उतरवा' कसं म्हणणार? मला ओरडावंसं वाटत होतं, 'अहो, काळी दोन धरा!' पण ज्या पट्टीवर बोट पडेल तोच माझा सूर. काळी चार वाजली.

खालच्या ओळी बाईंनी कशाबशा पेलल्या. वर जाताना आवाज फाटला. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. बायकांच्या बाजूने दगडाबाई नावाची एक म्हातारी उठली. "गप बसा रं मुडद्यांनो! लय गायलीया ती तुमच्यासाठी!"

तरी हसू थांबलं नाही. बाई हात जोडून आत गेल्या, त्या पुन्हा कधी गायल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या. झाकण उघडलं, चिठ्ठी दिसली आणि त्यांना रडू फुटलं.

"हाफिजभाई, ह्ये पुसलं का न्हाई वं?"

मला उत्तर ठाऊक होतं. पण पट्टी कुणी दाबलीच नाही.

आता माझा भाता उंदरांनी खाल्लाय. माझ्यावरची धूळ पुसा, नका पुसू. पण मित्रांनो, गाणाऱ्याला सूर देण्याआधी 'आज कोणता झेपेल?' एवढं तरी विचारा. मला ते विचारता आलं नाही.