पुलावरच्या सायकली

"सोडू नका हं बाई, सोडलंत तर मी पडेन," थोरली सारखी बजावत होती, आणि शिट्टीबाईंनी तिला केव्हाच सोडून दिलं होतं.

मैदानाच्या कठड्यावर बसलेली धाकटी पोट धरून हसत होती. "अहो ताई, कुणाला सांगताय? त्या बघा, कुठल्या कुठे राहिल्या."

थोरलीनं मान वळवली आणि सायकलीसकट आडवी झाली. उठल्यावर तिनं आधी गुडघ्याची माती झटकली, मग जावेकडे असं पाहिलं की धाकटीचं हसू जागच्या जागी विरलं. शिट्टीबाई लांबून चालत आल्या. "पडलात ते सोडा," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत आलात कुणाच्या जिवावर, ते सांगा." थोरलीनं मागचं अंतर पाहिलं आणि तिचा रागच गेला.

शिट्टीबाईंचा जन्म शाळेत खेळ शिकवण्यात गेला होता. गळ्यात शिट्टी असायची म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव पुढे त्यांच्या खऱ्या नावाच्या डोक्यावर बसलं, इतकं की बँकेतला माणूसही त्यांना तेच म्हणायचा. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून त्या सकाळी शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारायला यायच्या. या दोघी जावा त्यांना तिथंच भेटल्या. रोज मैदान तिरकं कापून अर्धवट पळत जायच्या. एकदा बाईंनी हटकलं, "एवढी कसली घाई असते हो?"

"पुलापलीकडे कामं आहेत," धाकटी चालता चालताच म्हणाली. "दोन बस बदलण्यात सकाळ जाते, त्यापेक्षा आपले पाय बरे. पण उशीर झाला की बोलणी खावी लागतात."

धाकटी तीन घरी स्वयंपाक करायची. थोरली एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना सांभाळायची. बाईंनी शाळेच्या अडगळीत गंजत पडलेल्या सायकली मागून घेतल्या, दुरुस्त करून घेतल्या आणि दोघींना म्हणाल्या, उद्या जरा लवकर या.

धाकटी आठवड्याभरातच वाऱ्यावर स्वार झाली. थोरलीला वेळ लागला. तिला वळताच यायचं नाही. वळण आलं की ती उतरायची, सायकल हातानं फिरवायची आणि पुन्हा बसायची. "वळायचं काय अडलंय," ती म्हणायची, "कामाला सरळच जायचंय ना?" पण शेवटी तीही शिकली.

मग पाहता पाहता मैदानावर गर्दी होऊ लागली. कुणी दवाखान्यात सफाईला जाणारी, कुणी शिवणकामाच्या कारखान्यातली. धाकटी त्यांना मोठ्या तोऱ्यात सूचना द्यायची, जशी काही आईच्या पोटातूनच सायकल चालवत आली होती.

खरी अडचण होती ती पुलाची. पुलाच्या अलीकडे दुकानांची रांग, पुढे चढ, आणि मग बस, ट्रक, मोटारी सगळ्यांची एकच झुंबड. फुटपाथ नावालाही नव्हता. धाकटीसुद्धा पुलाबद्दल बोलताना थट्टा करत नसे. "तेवढं अंतर मी श्वास धरूनच काढते," एवढंच म्हणायची.

बाई रस्ते विभागाच्या कचेरीत गेल्या. साहेब खुर्चीतून ताडकन उठला. "बाई, तुम्ही?"

बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि ओळखलं. पकडापकडीत कुणी शिवायच्या आधीच 'मी आउट' म्हणून बाजूला होणारा मुलगा. स्वभावानं गुणी. कुणाशी भांडण नाही की तंटा नाही. आता थोडं टक्कल पडलं होतं, पण मान तशीच किंचित खाली.

"पुलावर सायकलींना वेगळी वाट हवी," बाई म्हणाल्या. "माझ्या बायका मरतील रे तिथे."

त्यानं ऐकून घेतलं, आणि विशेष म्हणजे मनावर घेतलं. उन्हाळा सरायच्या आत दुकानांपासून पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा आखला गेला आणि पट्ट्याच्या कडेनं गुडघ्याएवढे रबरी खांब उभे राहिले. मोटारीला आत शिरायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी धाकटी परतताना मुद्दाम बाईंच्या घरी थांबली. घामानं निथळत होती, पण तोंडभर हसत होती. "बाई, आज पुलावर मी गाणं म्हटलं."

"कुठलं?"

"ते काय लक्षात राहतं? जे आलं ते म्हटलं. ताई मागून ओरडत होत्या, गप्प बस म्हणून."

ते काही महिने चांगले गेले. बाई कधीकधी उगाच पुलापर्यंत फिरायला जायच्या आणि पट्ट्यावरून जाणाऱ्या बायका बघत उभ्या राहायच्या. पन्नास ओळखीच्या घंट्या वाजायच्या. आयुष्यात इतकी शर्यतीची बक्षिसं वाटली, पण असं समाधान कधी मिळालं नव्हतं.

कुरबुर सुरू झाली ती दुकानांपासून. गिऱ्हाइकांनी गाडी लावायची कुठे? कापडाच्या दुकानाचा मालक बाईंना ओळखत होता. त्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं काम पुण्याचं आहे. पण माझं पोट या दारावर आहे हो." बाईंना त्याचा रागही धड येईना.

एके दिवशी दुकानांसमोरचे खांब दिसेनासे झाले. बाई तडक कचेरीत गेल्या.

"तात्पुरते काढलेत," साहेब म्हणाला. "वरून आलं, माझा इलाज नव्हता. पण पट्टा आहे ना, पट्ट्याला कुणी हात लावलेला नाही."

"अरे, पट्टा रंगाचा आहे. रंगानं मोटार अडते का कधी?"

तो टेबलावरचा पेन उगाच सरळ करत राहिला. दुसऱ्या दिवसापासून हिरव्या पट्ट्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. बायका त्यांना वळसा घालून भर रस्त्यात शिरायच्या आणि पुन्हा कडेला यायच्या. बाईंनी मैदानावर वळसा कसा घालायचा ते नव्यानं शिकवलं. मागचं बघा, हात दाखवा, मग वळा. दुसरं काय करणार?

धाकटी गेली ती सकाळी, लख्ख उजेडात. थोरली तिच्या मागेच होती, तिनं सगळं पाहिलं. एका उभ्या मोटारीचं दार उघडलं. धाकटी दारावर आदळली आणि रस्त्याच्या बाजूला पडली. मागून बस येत होती, तिला थांबायला जागाच नव्हती. दार उघडणारा माणूस चांगल्या घरचा वाटत होता. तो किती तरी वेळ कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडत होता. दुकानाच्या मालकानं आतून नवं कापड आणून तिच्यावर घातलं.

बाई त्या जावांच्या घरी गेल्या तेव्हा थोरली भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. धाकटीचा नवरा रात्रपाळीचा पहारेकरी. त्यानं बाईंना बसायला जागा करून दिली. बाईंनी येताना मनाशी बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मी शिकवली तिला."

"तसं नका म्हणू बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "मी सकाळी यायच्या आधी ती निघायची, आणि ती यायच्या आधी मी निघायचो. इतकी वर्षं तसंच चाललं होतं. सायकल आली तशी ती दुपारची घरी यायला लागली. मला उठवायची, आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो. लग्न झाल्यापासून बायकोचं तोंड उजेडात पाहिलं ते या काही महिन्यांत."

आतल्या खोलीच्या दारात त्याची आई उभी होती. ती कुणाकडेच न बघता बोलली. "चालत जायची तेव्हा उशिरा यायची. पण यायची."

नवरा म्हणाला, "आई." म्हातारी आत गेली. त्याचं बोलणं ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हातारीचं ऐकून ते आटलं. खरं दोघांचंही होतं, आणि म्हातारीचं जरा जास्तच खरं होतं असं त्यांना घरी जाताना वाटत राहिलं.

नंतर कचेरीतून निरोप आला. बाईंना वाटलं, खांब परत बसवतील. माणूस गेल्यावर तरी.

"बाई, दखल घेतली गेली," साहेब म्हणाला. त्यानं या वेळी दार लोटून घेतलं होतं. "पुलावर आणि दुकानांसमोर सायकलींना बंदी. सायकलवाल्यांच्या सुरक्षेसाठी. सोमवारपासून फलक लागतील."

बाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे ज्याला लागलं, त्यालाच मैदानाबाहेर काढायचं."

"मी विरोध केला होता."

"किती केलास?"

उत्तरासाठी बाई थांबल्या नाहीत. जिन्यात त्यांना दम लागला आणि कठडा धरून उभं राहावं लागलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

फलक लागले. हिरव्या पट्ट्यावर काळं डांबर आलं. लांबचा रस्ता होता, पण तो महामार्गाला जाऊन मिळायचा, तिकडे कुणाची छाती नव्हती. मैदानावरच्या बायका एकेक करून कमी झाल्या. कुणी सायकल भावाला दिली, कुणी बाईंच्या दारात आणून लावली. बाईंच्या व्हरांड्यात सायकली दाटीनं उभ्या राहिल्या, घरात शिरायला अंग चोरावं लागे. बाईंनी फेऱ्या बंद केल्या. सकाळ झाली तरी त्या पांघरूण घेऊन पडून राहायच्या.

एका सकाळी थोरलीनं कडी वाजवली. बरोबर सायकल होती, हँडलला दोन पिशव्या.

"आजोबा आहेतच," ती म्हणाली. "आणि तिच्या तिनातली दोन घरंही आता मीच धरलीत. चालत सगळीकडे पुरे पडत नाही. पुलावरच्या पोलिसाला विचारलं मी. म्हणाला, बसायचं नाही. ढकलत न्यायला कुणी नको म्हटलेलं नाही."

"मग?"

"पुलावर ढकलायची, पलीकडे बसायचं." ती थोडी घुटमळली. "पण सायकल घेऊन त्या दुकानांपाशी आलं की पाय उचलत नाही हो बाई. चार दिवस तिथूनच मागे फिरून सायकल घरी ठेवतेय."

बाईंनी चपला शोधल्या. केस सारखे केले नाहीत.

दुकानं अजून उघडायची होती, पण मोटारी ओळीनं उभ्या होत्या. थोरली जशी जवळ आली तशी तिची पावलं लहान होत गेली. बाई तिच्या दुसऱ्या अंगाला गेल्या, वाहनांच्या बाजूला.

"तुम्ही आतून चला बाई."

"मी बरी आहे इथे. चल."

ती जागा मागे पडली. चढावर थोरली दोन्ही हातांनी रेटत होती, बाईंनी एक हात कॅरिअरला लावला. वाहनं खांद्याला वारा घालत जात होती. एक बस इतकी जवळून गेली की बाईंचे कपडे तिच्याकडे ओढले गेले. माथ्यावर पोहोचल्यावर थोरली क्षणभर थांबली, पिशव्या नीट केल्या.

मग उतार लागला. सायकल आपणहून पुढे धावू लागली, आणि थोरली दोन्ही ब्रेक आवळून तिला मागे ओढत चालत राहिली.