बर्फ वाढला

गडबच्या थांब्यावर उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता, आणि ज्या एसटीने आलो तिनेच पुढे निघून जावं असं मला वाटत होतं. पिशवीत दोन कागद होते. एक कंपनीला लिहिलेला अर्ज, चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेला. दुसरा शब्दकोशातल्या एका पानाची झेरॉक्स. तिच्यावर एका ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. अर्जावर मोरूची सही हवी होती. नवे मॅनेजर एवढंच म्हणाले होते, "त्याची सही आणा, चौकशी पुन्हा उघडायचं बघू." ती उघडली असती तर मोरूच्या नावापुढचा 'निष्काळजी' हा शब्द खोडता आला असता. तो तिथे लागला त्यात माझा हात होता.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. मी पेणहून जाणारा कारकून, तो गडबचा. कंपनीत रंगासाठी लागणारं एक रसायन बनतं. बनताना ते बर्फासारखं गार ठेवावं लागतं, तापलं तर फेसाळून भांड्याबाहेर येतं. पूर्वी त्यासाठी टेंपोने बर्फाच्या लाद्या यायच्या आणि मोरू त्या लाकडी मोगरीने फोडायचा. मग बर्फाची टाकी आली. खोलीएवढी टाकी, आत पाणी आणि पाण्यात नळ्यांची वेटोळी. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा कॉम्प्रेसर चालवून नळ्यांवर बर्फाचा थर धरायचा. दिवसा कॉम्प्रेसर बंद ठेवायचा आणि त्या बर्फाने गार झालेलं पाणी भांड्याभोवती खेळवायचं. त्यातलंच थोडं आमच्या कचेरीच्या एसीलाही यायचं.

टाकी मोरूच्या ताब्यात आली. त्याला ती कळायला इंजिनिअर लागला नाही.

"रातच्याला कमवायचं, दिवसाला खायचं," तो म्हणाला. "आमची भाताची कनगीच ही, भाऊसाहेब. आन् तुमी कचेरीत बसून माझी रातपाळी खाता."

"खातो बाबा. गार लागते."

"लागूद्या. बिल नाय लावत."

दसऱ्याला तो टाकीला झेंडूची माळ घालायचा. सकाळी झाकण उघडून आत वेळूची काठी घालायचा, बर्फाला टेकली की टाकीच्या पोटावर थाप मारून म्हणायचा, "भरलंय."

प्रत्येक पाळीची नोंद वहीत लिहावी लागे. बिचारे ऑपरेटर इंग्रजीत लिहायचे, 'आइस ओके', टाकी भरलेली असो की रिकामी. मला ते पाहवेना. आयुष्यात कुणाला काही सुचवायचं धाडस मी फारसं केलं नाही, पण तेव्हा केलं. तेव्हाच्या साहेबांकडून परवानगी घेतली आणि स्वतःच्या हाताने पाटी रंगवून वहीच्या वर लावली. 'नोंद आपल्या भाषेत लिहावी.' मोरूचं शिक्षण चौथीपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडून जोडाक्षरं गिरवून घेतली. त्याची नोंद मग मी रोज वाचायचो. 'आज बर्फ चार बोटं. पाणी गोड गार.' असं कुणी कंपनीच्या वहीत लिहितं का? मला ते कुठल्याही पुस्तकापेक्षा आवडायचं.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये उन्हाचा कहर झाला. पहिल्या पाळीत नेहमीच्या दोनाऐवजी तीन बॅच काढल्या आणि दुपारी अडीचलाच नळ्यांवरचा बर्फ सरला, पाण्यात थोडे तुकडे तेवढे उरले. जाडी दाखवणारा काटा होळीपासून अडकलेला होता, पण मोरूने काठी घालून पाहिलं होतं. दुसऱ्या पाळीचा विशाल यायला उशीर झाला. कंपनीची बस तीन दहाला सुटते, कुणासाठी थांबत नाही. मोरूने वहीत लिहिलं, 'बर्फ वाढला. पुढचं जपून,' आणि बस पकडली.

विशाल आला, त्याने वही वाचली. पनवेलचा हुशार मुलगा, सगळं शिक्षण इंग्रजीत. बर्फ वाढला, म्हणजे भरपूर आहे. जपून कशाला, तर बर्फ जास्त धरून नळ्या दबू नयेत म्हणून, असा त्याने अर्थ लावला. पाण्याचा पारा पाहिला तर दोन अंश. तोही बरोबरच होता, कारण बर्फाचा शेवटचा तुकडा असेपर्यंत पाणी गारच राहतं. तापतं ते नंतर, भराभर. त्याने बॅच घेतली. अर्ध्या तासात भांडं फेसाळलं आणि जवळ उभ्या असलेल्या मदतनीस प्रदीपचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

आठवड्याने टाकीजवळच्या खोलीत, वही असायची तिथेच, चौकशी झाली. टेबलावर वही उघडी होती. मोरू म्हणाला, "मी लिवलंय ना सायब, बर्फ वाढला म्हनून."

"म्हणजे जास्त झाला."

"नाय. वाढला. म्हंजे नाय उरला. कनगीपुढं उभं राहून संपलं कसं लिवायचं?" आणि तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा अगदी मोकळा होता. "भाऊसाहेबांना इचारा. ते पुस्तकवाले हायत."

साहेबांनी विचारलं, "काय हो, वाढला म्हणजे काय?"

मला माझी आई आठवली. घरातले तांदूळ संपले की ती म्हणायची, "तांदूळ वाढले." मी सहा वर्षांचा असताना ते ऐकून धावत डब्याकडे गेलो होतो. डबा रिकामा होता. आईने समजावलं होतं की संपलं म्हणू नये, भरल्या घराला तो शब्द लागतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. हे सगळं मला येत होतं. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

पण साहेबांच्या मागे भिंतीवर माझी पाटी होती, माझ्या अक्षरातली. आपल्या भाषेत लिहा असं यांना कुणी सांगितलं, हा पुढचा प्रश्न मला ऐकू येऊ लागला. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मी म्हणालो, "वाढला म्हणजे... जास्त झाला."

"दुसरा काही अर्थ?"

"व्यवहारात तोच."

मोरूने वही मिटली. मग म्हणाला, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशीपासून तो आला नाही, त्याला येऊ दिलं नाही.

गडबला हायवेच्या कडेला आता त्याचं सरबताचं दुकान आहे. वर हिरवी जाळी, खाली बाकडं, थर्माकोलच्या पेटीत बर्फ. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. मालू, त्याची बायको, ग्लास विसळत होती. तिने मला ओळखलं, पदर सारखा केला. मोरू लिंबं कापत होता.

"बसा," तो म्हणाला. भाऊसाहेब म्हणाला नाही.

मी बसलो. बसमध्ये जुळवलेली वाक्यं जागेवर नव्हती. मी अर्ज काढून बाकड्यावर ठेवला, त्यावर झेरॉक्स. "मोरू, यात सगळं लिहिलंय. वाढणे म्हणजे संपणे, कोशात छापलेलं आहे. मी तेव्हा खोटं बोललो तेही लिहिलंय. तू फक्त सही कर."

त्याने ओले हात पुसले आणि झेरॉक्स उचलली. बोटाने रेघ धरून, ओठ हलवत, त्याने ती ओळ वाचली. मीच शिकवलेलं वाचन.

"छापलेलं हाय," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा पन छापलेलं व्हतं?"

मी मान डोलावली.

तेवढ्यात एक गाडी थांबली. खाली उतरलेल्या माणसाने दोन कोकम मागितले, थंडगार. मालूने पेटीत हात घालून चाचपलं आणि म्हणाली, "बर्फ वाढ..." ती थांबली. मोरूकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "बर्फ संपला, दादा."

माणूस गाडीत बसून निघून गेला.

"आमच्या घरात आता वाढलं म्हनायचं नाय," मोरू मला म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मीठ संपलं, तेल संपलं, सरळ बोलायचं. माझी म्हातारी रडली. म्हनाली, घराला लागंल. मी म्हनालो, लागायचं ते लागलं."

"नको रे असं करू," मी म्हणालो.

"प्रदीपचा हात बघितला का तुमी?"

"नाही."

"मी जातो बघायला म्हयन्याला. बोटं वळत नाय त्याची. त्यो पन हाच शब्द बोलायचा, त्याची आय पन. समद्यांना येतो, भाऊसाहेब." ते भाऊसाहेब सवयीने तोंडातून निसटलं असावं. "ज्याला इचारला त्याला नाय आला."

त्याने झेरॉक्सची नीट घडी घातली, अर्जावर ठेवली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवले.

"सही?"

"नाय."

"तुझं नाव स्वच्छ होईल."

"नाव काय करू? ती टाकी माझी व्हती. आन् तुमी माझे व्हता." तो पुन्हा लिंबं कापू लागला.

मालूने माझ्यासमोर कोकमाचा ग्लास ठेवला. सरबत कोमट होतं. मी सगळं प्यालो, दुसरं काय करावं ते कळेना. पैसे विचारायचं धैर्य झालं नाही. कागद पिशवीत घालून उठलो, चपला घातल्या आणि सवयीने म्हणालो, "येतो मोरू."

त्याने सुरी थांबवली नाही.

"जातो म्हना," तो म्हणाला. "जे हाय ते बोलावं."

मालू पेटीतलं पाणी रस्त्याच्या कडेला ओतत होती. ती माझ्याकडे न बघता उभी राहिली. मी तोंड उघडलं. तो शब्द आईने मला कधी उच्चारू दिला नव्हता.

"जातो," मी म्हणालो.