कुरडयांच्या खाटा

सुलाबाईंनी सासऱ्यांना घरात कडी लावून कोंडलं होतं, तेही दिवसाढवळ्या. लोक बोलायचे ते बोलले. बोलोत! अठ्ठ्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात आग्रा रोडचा वळसा चुकवायला ट्रकवाल्यांनी नाशिकातल्या त्यांच्या वसाहतीची गल्ली धरली होती. कारखान्याला जाणारे सायकलवाले जीव मुठीत धरून गटाराच्या कडेनं जात. सासरे धोंडीरामआबा कानानं अधू, आणि रोज सकाळी समोरच्या बुद्धविहारात जायचं म्हणजे जायचंच. एके दिवशी ट्रकला अडकून त्यांच्या धोतराचा सोगा टरकन फाटला. तेव्हापासून कडी.

आबांनी सुनेशी अबोला धरला. भरल्या ताटावरून उठायला लागले. सुलाबाईंच्या जिवाला घोर लागला. सोडलं तर ट्रक, कोंडलं तर उपास. करायचं तरी काय माणसानं?

त्यात कुरडयांचे दिवस आले. अंगणात ऊन टिकेना, म्हणून त्यांनी वाळवणाची खाट सरळ रस्त्यात टाकली. मग शेजारणींनीही टाकल्या, कुणी या कडेला, कुणी त्या. ट्रकवाले शिव्या घालत, पण बैलगाडीच्या चालीनं वळणं घेत जाऊ लागले.

चौथ्या दिवशी नगरपालिकेचे ओव्हरसिअर मोतीराम सायकलवरून आले. "बाई, रस्ता काय वाळवणाला बांधलाय? उचला खाटा!"

"उचलते की! पण साहेब, तुम्ही घटकाभर इथंच थांबा."

खाटा उचलल्या. पाच मिनिटं झाली नसतील, तोच धडधडत ट्रक आला. मोतीरामसाहेबांनी सायकल टाकून जी उडी मारली, ती थेट समोरच्या लंकाबाईंच्या ओट्यावर! चेहरा पांढराफटक. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि म्हणाले,

"होत्या तिथंच टाका खाटा."

टाकल्यावर त्यांनी स्वतः वाकून प्रत्येक खाटेभोवती खुणेसाठी चुन्याची पांढरी फक्की मारली. पंधरा दिवसांत त्या खुणांवर आणि मधल्या मोकळ्या जागेतही दगडी खांब रोवले गेले. माणूस जाईल, सायकल जाईल. ट्रकला वाटच उरली नाही.

सुलाबाईंनी कडी काढली. आबा धोतर सावरत, एकेका खांबाला हात लावत, सावकाश पलीकडे गेले. सायकलवाले घंटी वाजवत बाजूनं निघून गेले. सुलाबाई उंबऱ्यात उभ्या राहून पोटभर रडल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता.

आबा परतले ते थेट स्वयंपाकघरात.

"सुला, वाढ गं. आणि दोन कुरडया तळ. वीस दिवस खिडकीतून नुसत्या बघतोय."