समोरचा थांबलाय

रतनच्या पियूषला बोटीवर जायचा कंटाळा आणि लॅपटॉपवर भुतांशी लढायचा दांडगा उत्साह. आगरदांड्याच्या पोराला दर्यात भुतं कमी पडली म्हणून त्यानं ती विकत आणली, असं ती शेजारणींना सांगायची. खेळही असा खाष्ट, की त्यात मेलेलं माणूस पुन्हा उठत नसे.

खेळाला चार लढवय्ये लागत. पियूषनं बोटीवरचीच नावं दिली: बोट हाकणारा तांडेल बाप हरेश्वर, खलाशी विनेश आणि तो स्वतः. चौथं माणूस मिळेना, म्हणून आईचं नाव टाकलं.

"मला कशाला ओढतोस तुझ्या मसणात?" रतन करवादली होती.

बोट सुटायची वेळ झाली तेव्हा लढाई अर्धीच होती. चौघांसमोर ओल्या घोंगडीखाली तोंड झाकून काहीतरी उभं होतं.

"ऱ्हाऊ दे तसंच, आये. पाळीपाळीचा खेळ हाय. आपण खेळल्याबिगर समोरचा हलत न्हाय."

"आणि हरायला लागलो तर?"

"एकाला मागं ठेवायचं. बाणाचं बटण दाबून ज्याचं नाव लाल करशील तो ऱ्हातो, बाकीचे सुटतात. मंग हे मोठं बटण. येतो गं!"

चौथ्या दिवशी सकाळी रतननं पदरानं लॅपटॉपवरची धूळ पुसली आणि कुठलंसं बटण दाबलं गेलं. घोंगडीतून एक हात वर आला. विनेश नावाचा लढवय्या दंड धरून खाली बसला.

तेवढ्यात मच्छीमार सोसायटीतून रघू धावत आला. वायरलेसवर निरोप होता: इंजिन बंद पडलंय, बोटीत पाणी भरतंय, दोरात अडकून विनेशचा दंड मोडलाय. मग आवाजच तुटला.

"कवा मोडला?"

"आत्ताच, वैनी."

रतननं वळून लॅपटॉपकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं, बाया बोंबील वाळत घालत होत्या आणि पडद्यावरचा तो घोंगडीवाला तिच्याकडेच तोंड करून थांबला होता. शोधायला गेलेल्या बोटी दुपारी हात हलवत परत आल्या.

तेव्हा तिनं बाण दाबला. हरेश्वरचं नाव लाल झालं. उभा जन्म त्याच्याशी भांडण्यात गेला होता, पण म्हणून काय असं करायचं? विनेशचं तर गेल्याच महिन्यात लग्न झालेलं. पियूषच्या नावावरून तिनं चटका बसल्यासारखं बोट पुढे सरकवलं. मग रतन. तिनं मोठं बटण दाबलं.

तिघं अंधारात निघून गेले. तिच्या नावाची बाई एकटी उरली.

तासाभरात रघूचा फोन आला. इंजिन आपसूक चालू झालं होतं, बोट दिघी बंदरासमोर दिसत होती. रतन ढसाढसा रडली. मग तिला आठवलं, की आता पाळी आपली आहे आणि आपण खेळेपर्यंत समोरचा हलायचा नाही. तिनं लॅपटॉपला हात लावला नाही. भात टाकला, कालवण केलं, पण त्या बाजूला पाहिलं नाही.

पियूष ओल्या कपड्यांनिशीच आत शिरला आणि तिच्या गळ्यात पडला. ती त्याची पाठ चाचपत राहिली. पोराची नजर तिच्या मागे टेबलावर गेली.

"आये, तू एकलीच मागं ऱ्हायलीस व्हय? थांब, तुला सोडवतो," म्हणत त्यानं तिच्या खांद्यावरून हात लांबवला, आणि ती नको म्हणेपर्यंत बटण दाबलं.